यंदाचा नाताळ दुखवट्याच्या घरात: शांती कुठून आणायची?

सावेडीकर · ३ डिसेंबर, रात्री १०.४०

सर्वांना जय ख्रिस्त.

जुलैमध्ये आमचे हे प्रभूजवळ गेले. आजारपण असं काही नव्हतं. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. त्यानंतर दिवस जात राहिले, बँकेचे आणि पेन्शनचे कागदही झाले. पण डिसेंबर लागला आणि माझा धीर सुटला.

आमचं घर नगरला. इथे डिसेंबरचा पहिला आठवडा आला की कुठलं घर ख्रिस्ती ते गच्चीवरच्या ताऱ्यावरून कळतं. आमचा तारा हे घरीच करायचे. बांबूच्या कामट्या, त्यावर पतंगाचा कागद आणि आत बल्ब. विकतचा प्लास्टिकचा तारा त्यांना चालायचा नाही. गेल्या वर्षीचा सांगाडा माळ्यावर आहे. एका टोकाची कामटी सुटली होती, तिथे यंदा बांधू म्हणून त्यांनी सुतळीचा तुकडा अडकवून ठेवलाय. घरोघरी नाताळची गीतं म्हणत फिरणाऱ्या तरुण संघाच्या कॅरोल पार्टीत पेटीही तेच वाजवायचे, केस पांढरे झाले तरी.

सासूबाई म्हणतात, यंदा सण धरायचा नाही. तारा नको, फराळ नको, कॅरोलवाल्यांनाही येऊ नका म्हणून कळवा. त्यांचा लेक गेलाय, त्यांना मी काय बोलणार? नणंदेचं म्हणणं उलट. आपल्यात सुतक नसतं, दादा प्रभूच्या घरी आहे, तेव्हा दुप्पट आनंदाने नाताळ करा. मला सासूबाईंचंही पटत नाही आणि नणंदेचंही. सण बंद केला तर प्रभूचा जन्म आमच्या दुःखापुढे लहान होतो असं वाटतं. आणि दुप्पट आनंद आणू कुठून?

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आगमनकाळाच्या मेणबत्त्या सुरू झाल्यात, नाताळआधीच्या चार रविवारी एकेक. आशेची लागली, येत्या रविवारी शांतीची लागेल. ज्यांनी असा नाताळ काढलाय त्यांनी सांगावं, त्या दिवसांत तुम्हाला शांती मिळाली का आणि कशी. उपदेश नको, काय केलंत ते सांगा.

वचनप्रेमी · ४ डिसेंबर, सकाळी ७.१५

ताई, बायबलमध्ये १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ वाचा. झोपी गेलेल्यांविषयी, म्हणजे मरण पावलेल्यांविषयी, आपण खेद करू नये असं प्रेषित पौल स्पष्ट लिहितो. विश्वासणाऱ्याच्या घरात दुखवटा कसला? तारा लावा, गीतं गा, स्तुती केली की दुःख आपोआप पळतं. माझा तसा अनुभव आहे.

जुना पाळक, जालना · ४ डिसेंबर, दुपारी १.०५

सावेडीकर ताई, सलाम. वचनप्रेमी बंधूंनाही सलाम.

बंधू, ते वचन पूर्ण वाचू या. "ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा तुम्ही खेद करू नये," असं पौल लिहितो. खेदच करू नका, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. आशा नसलेल्या माणसाचा खेद वेगळा, आशा धरून बसलेल्या माणसाचा वेगळा. डोळ्यांतून पाणी दोघांच्याही येतं. योहान ११ मध्ये प्रभू आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेकडे जातो. आपण याला आता उठवणार हे त्याला ठाऊक आहे, तरी तो रडतो. लाजराची बहीण मरीया आणि तिच्याबरोबरचे लोक रडत होते, त्यांना त्याने गप्प बसवलं नाही. मी पाळक म्हणून कितीतरी दफनविधी चालवले. "रडू नका, तो प्रभूजवळ आहे" हे वाक्य मातीपाशी ज्या घाईने बोललं जातं, ती घाई मला कधीच पटली नाही.

आता नाताळाबद्दल. आपण गव्हाणीभोवती दिवे लावतो, कापसाचा बर्फ पसरतो, आणि मूळ गोष्ट काय होती ते विसरतो. रोमी बादशहाने नावनिशी करायला सांगितली म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला वाट तुडवावी लागली. उतारशाळेत जागा मिळाली नाही. चाळीस दिवसांनी मंदिरात शिमोन म्हातारा भेटला आणि त्याने त्या कोवळ्या आईला सांगितलं की तुझ्या जिवात तरवार भोसकली जाईल. पुढे हेरोदाच्या भीतीने रातोरात मिसर गाठावा लागला, आणि मागे बेथलेहेमात लेकरांची कत्तल झाली. मत्तय तिथे आपल्या लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलीचा आकांत आणतो. ती सांत्वन पावेना, असं तो लिहितो. नाताळच्या गोष्टीतच हे लिहिलंय. तो आकांत वगळून आपण फक्त देवदूतांचं गाणं वाचतो, म्हणून दुःखातल्या माणसाला वाटतं की हा सण आपला नाही. खरं तर तो आधी त्याचाच आहे.

शांतीचं विचारलंत. "मी तुम्हांला शांती देऊन ठेवतो, मी आपली शांती तुम्हांला देतो, जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही." योहान १४:२७. हे प्रभू कधी बोलला? धरून नेलं त्या रात्री, जेवणाच्या मेजावर. त्याला धरून देणारा यहूदा नुकताच उठून गेला होता. सगळं सुरळीत झाल्यावर मिळते ती शांती जगही देतं. ही त्या रात्रीतली आहे. तिच्यात हसू यायलाच हवं असं नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी पोटचा लेक पुरलाय. तारा लावायचा की नाही हे त्यांच्यावर सोडा. पण कॅरोलवाल्यांना "येऊ नका" असं कळवू नका. "या, एकच गीत म्हणा, ढोलकी नको," असं सांगून बघा. दुःखाचं घर म्हणून मुलं दारावरून पुढे जातात तेव्हा त्या घराला दुसऱ्यांदा लागतं.

निर्मळकाठची · ४ डिसेंबर, रात्री ९.३०

आम्ही वसईचे, कॅथलिक. माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, तेही आगमनकाळात. आजूबाजूला सगळ्यांच्या घरी बाळ येशूचा गोठा सजत होता आणि मी नुकती दवाखान्यातून आले होते. गोठ्यातली ती रिकामी गव्हाण बघवत नव्हती. आमच्याकडे २४ च्या रात्रीपर्यंत तिच्यात बाळ ठेवत नाहीत.

मी काय केलं ते सांगते. २५ ला मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलेच नाही, जमलं नाही. २८ ला गेले. त्या दिवशी हेरोदाने मारलेल्या निष्पाप बाळांचा सण असतो. फार लोक नसतात, नाताळची गर्दी ओसरलेली असते. आमच्या फादरनी प्रवचनात त्या आयांबद्दल सांगितलं. त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत, पण ख्रिस्तसभा दर वर्षी नाताळच्या आठवड्यातच त्यांच्या लेकरांना आठवते. मी मागच्या बाकावर बसून पोटभर रडले आणि कुणी मला उठवलं नाही. दुःख तिथेच संपलं असं नाही. पण ह्या सणात माझ्या बाळाला जागा आहे एवढं कळलं, आणि त्या रात्री मला झोप लागली.

आमच्याकडे एक सोय आहे, ती तुमच्याकडे आहे का ठाऊक नाही. नोव्हेंबरभर मृतांसाठी प्रार्थना चालतात. २ नोव्हेंबरला दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन सगळं गाव जमतं, नावं वाचली जातात. त्यामुळे डिसेंबर लागायच्या आधी रडायला एक महिना मिळतो.

सावेडीकर · ५ डिसेंबर, सकाळी ६.५०

निर्मळकाठची, तुमचं वाचून बराच वेळ नुसती बसून होते. आमच्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात. पण नाव मोठ्याने वाचलं जाणं, ते आमच्याकडे खरंच कमी पडतं. जुलैनंतर मंडळीत त्यांचं नाव कुणी घेतलेलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून घेत नाहीत. मला न घेतल्याचं वाईट वाटतं.

टोरांटोवासी · ६ डिसेंबर

इथे बऱ्याच चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास दुःखातल्या लोकांसाठी वेगळी उपासना असते. वर्षातली सर्वांत मोठी रात्र, म्हणून तो दिवस. काही जण तिला ब्लू ख्रिसमस म्हणतात. दिवे मंद असतात, स्तोत्रं वाचतात, गेलेल्यांच्या नावाने मेणबत्ती लावतात आणि मधूनमधून शांत बसतात. कुणी "मेरी ख्रिसमस" म्हणत नाही. आई गेली त्या वर्षी मी गेलो होतो. शेजारी घटस्फोट झालेली एक बाई होती, पलीकडे नोकरी गेलेला माणूस. दुःख फक्त मरणाचंच असतं असं नाही हे तिथे जाणवलं. नगरला यंदा २१ ला रविवारच आहे. पाळकसाहेबांना विचारून बघा.

रात्रपाळी · ७ डिसेंबर, पहाटे ४.२०

मी कुवेतमध्ये नर्स आहे, मूळची मिरजेची. डॉ. वान्लेस यांनी उभारलेल्या मिशन हॉस्पिटलच्या गावची, त्यामुळे लहानपणी नाताळ म्हणजे सगळ्या आवारात दिवे आणि वॉर्डावॉर्डात गाणारी मुलं. इथे २५ ला सुट्टी नसते. आमची मराठी संगती, म्हणजे उपासनेला जमणारी मंडळी, शुक्रवारी भरते, म्हणून यंदा आमचा नाताळ २६ ला. २४ च्या रात्री माझी ड्यूटी आहे.

पहिल्या वर्षी फार रडले होते. लेकरू सासरी ठेवून आलेली, घरचा व्हिडिओ कॉल लागायचा आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन यायची. मग एकदा रात्री दोनच्या सुमारास एका म्हाताऱ्या पेशंटची सलाईन बदलत होते. ते मुसलमान, त्यांना माझा सण ठाऊक असायचं कारण नाही. त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात. त्यांना नुसतं कुणीतरी जवळ हवं होतं. मी स्टूल ओढून बसले. मेंढपाळांना येशूच्या जन्माची बातमी कळली तेव्हा तेही रात्रपाळीवरच होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. देवदूत त्यांच्या कामाच्या जागी आला, त्यांना रजा काढावी लागली नाही. तेव्हापासून २४ ची रात्रपाळी मी मागून घेते.

सावेडीकर ताई, हाताला काम ठेवा. मोठं नको, दुसऱ्या कुणासाठी काहीतरी छोटं.

दौंडकर · ७ डिसेंबर, संध्याकाळी

दौंडकडच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनजवळ वाढलो, म्हणून ह्या दिवसांत त्यांची आठवण येते. त्यांच्या कामाबद्दल सगळे बोलतात, त्यांच्या दुःखांची ओळ लावून कुणी पाहत नाही. आई, वडील आणि बहीण दुष्काळात गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, तेव्हा मनोरमा तान्ही होती. तीच एकुलती लेक मोठी झाली, आईच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. म्हणजे १९२१ चा नाताळ त्यांनी लेकीवाचून काढला, आणि तो त्यांचा शेवटचा नाताळ होता.

त्या महिन्यांतही त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. केडगावच्या छापखान्यात बायकाच काम करायच्या. पूर्ण बायबल रमाबाईंच्या पश्चात बाहेर आलं. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण ज्या बाईने घरची सगळी माणसं गमावली, ती शेवटपर्यंत वचनाच्या शब्दाशब्दावर बसून होती, याचा मला आधार वाटतो.

औंधचा एकटा · ९ डिसेंबर, रात्री १.१०

इतके दिवस नुसतं वाचत होतो. तुम्हा सगळ्यांना काहीतरी सापडलेलं दिसतं. मला नाही.

मार्चमध्ये नोकरी गेली. बायको मुलांना घेऊन माहेरी आहे, प्रकरण कोर्टात आहे. मुलं नाताळला येणार नाहीत. रविवारी चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो आणि शेवटच्या आशीर्वचनाआधी उठून बाहेर पडतो, म्हणजे "काय, कसं काय" हा प्रश्न नको. प्रार्थना करतो, पण समोर कुणी आहे असं वाटत नाही. झोप तीन-चार तास. जेवण नको वाटतं. परवा मंडळीत सगळे शांतीची मेणबत्ती लावत होते आणि मला वाटलं मी इथे नसतो तर कुणाला फरक पडला असता. हे इथे लिहावं की नाही कळत नाही.

समुपदेशक, सोलापूर · ९ डिसेंबर, सकाळी ६.३०

लिहिलंत हे फार चांगलं केलंत. आधी सरळ विचारते: जीव द्यावा असं मनात येतं का? येत असेल तर आज, आत्ता १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. येत नसेल तरी ह्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. झोप आणि भूक इतके दिवस गेलेली असते तेव्हा त्यावर उपचार आहेत.

आपल्या मंडळ्यांमध्ये अजून म्हणतात की विश्वास कमी पडला म्हणून मन खचतं. मी हे ऐकून घेणार नाही. साखर वाढली तर आपण गोळी घेतो आणि प्रार्थनाही करतो. इथेही तेच करायचं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला रागावण्याआधी झोपू दिलं, भाकर दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा झोपू दिलं. १ राजे १९ काढून वाचा.

जुना पाळक, जालना · ९ डिसेंबर, सकाळी ८.००

औंधचे बंधू, समोर कुणी आहे असं वाटत नाही म्हणालात. ही प्रार्थना बायबलमध्ये आहे. ८८ वं स्तोत्र. बहुतेक विलापगीतं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते वचनात ठेवलंय. तुम्हाला काही वाटत नसेल तर तेच स्तोत्र मोठ्याने वाचा. वाटण्याची जबाबदारी तुमची नाही. तुमच्या वतीने विश्वास धरायला मंडळी असते, त्यासाठीच तर ती आहे.

मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात माझा नंबर पाठवलाय. रात्री एक वाजतासुद्धा चालेल, म्हाताऱ्याला झोप कमीच असते.

औंधचा एकटा · ९ डिसेंबर, दुपारी

तसं करायचा विचार पक्का नाही, पण येऊन जातो. सकाळी १४४१६ ला फोन केला. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली. नंबर मिळाला.

कोथरूडकर · १२ डिसेंबर

मी ख्रिस्ती नाही, माझ्या मैत्रिणीकडे यंदा असंच दुःख झालंय. दर वर्षी नाताळला तिच्याकडे जाते. यंदा जावं का? गेले तर काय बोलावं?

सावेडीकर · १२ डिसेंबर

नक्की जा. फार बोलू नका. आमच्याकडे यंदा कढई चढणार नाही, हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी परवा निरोप दिला: "नाताळच्या करंज्या मी आणते. तुमच्या हातच्या इतकी वर्षं खाल्ल्या." त्या एका वाक्याने मला जे बरं वाटलं ते मोठ्या सांत्वनपर भाषणांनी नव्हतं वाटलं. आणि जमलं तर गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्यांची एखादी गोष्ट काढा.

सावेडीकर · २६ डिसेंबर, सकाळी ११.००

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

२१ ला संध्याकाळी आमच्याच घरी बसलो. पाळकसाहेब लगेच हो म्हणाले. यंदा ज्यांच्या घरी कुणी गेलं अशा बायका बोलावल्या. महिला मंडळातल्या दोघी अशा आल्या की त्यांच्याही घरात काही दुखतंय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. १३ वं स्तोत्र वाचलं, ८८ वं वाचलं, मग २३ वं. प्रत्येकीने आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतलं. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. नावं सुरू झाल्यावर त्या बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या आणि ह्यांचं नाव त्यांनी घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. चहा झाल्यावर कुणी उठेना.

तारा लावला नाही. सासूबाईंना नको होता आणि मीही आग्रह धरला नाही. सांगाडा माळ्यावर आहे.

२३ ला कॅरोलची मुलं आली. दारात उभं राहून एकच गीत म्हणणार होती. पेटी एका कॉलेजच्या पोराकडे, त्याला ह्यांनीच शिकवलेलं. त्याने सूर धरला तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "पांढरी चार नाही रे, त्याची पट्टी काळी दोन." पोराने काळी दोन घेतली. गीत झालं. मग त्यांनी दुसरं म्हणायला सांगितलं, मग तिसरं, आणि मुलांना पुढची घरं होती तरी ती थांबली. मी रडत होते आणि गातही होते. दोन्ही एकदम करता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

शांती मिळाली का? २५ ला सकाळी उपासनेला त्यांच्या जागेशेजारी बसले तेव्हा पोटात कालवलं, ते कालवणं गेलेलं नाही. पण भीती गेली. डिसेंबर लागल्यापासून मला ह्या दिवसाची भीती वाटत होती, आणि तो दिवस आला तेव्हा प्रभू त्या दिवसात आधीच होता. मला ह्यापेक्षा नीट सांगता येत नाही. नणंदेलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी २१ ला मीही येईन. ती भावाच्या नावाने अजून रडलेलीच नाही.

वचनप्रेमी · २६ डिसेंबर, दुपारी

ताई, देवाची स्तुती असो. जालन्याच्या पाळकसाहेबांनी लिहिल्यावर मी ते वचन पुन्हा वाचलं. आमच्या मंडळीतही २१ ची बैठक व्हावी म्हणून कमिटीपुढे मांडणार आहे. तुम्ही कुठली स्तोत्रं कोणत्या क्रमाने घेतली ते सविस्तर लिहाल का?

निर्मळकाठची · २७ डिसेंबर

उद्या २८. मिस्साला जाते आहे. तुमच्या सगळ्यांच्या माणसांची आठवण तिथे करीन, तुमच्यात चालत नसेल तरी.

औंधचा एकटा · २७ डिसेंबर, रात्री ९.४५

गोळ्या सुरू झाल्या, झोप थोडी सुधारली. २५ ला मुलांशी फोनवर बोललो, लहाना गाणं म्हणून दाखवत होता. शांती वगैरे अजून नाही, खोटं लिहीत नाही. आशीर्वचनापर्यंत थांबलो मात्र. ८८ वं स्तोत्र रोज वाचतो. ३१ ला वॉचनाईटला, वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेला, जायचं मनात आहे पण साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर अनुभव सांगायला, उभं करतील म्हणून कचरतोय.

जुना पाळक, जालना · २७ डिसेंबर, रात्री १०.०५

कुणी उभं करणार नाही. तुमच्या पाळकांना मी ओळखतो. तुमची हरकत नसेल तर त्यांना फोन करून सांगतो, नाव न घेता हवं तर. ३१ ला मी पुण्यात लेकीकडेच आहे. दहाला औंधला येतो, आपण दोघं मागच्या बाकावर बसू. स्वेटर घाला, थंडी आहे.